मोबाईल होम घ्यावं का? भाडं वाचेल की डोक्याला नवा ताप?

कुरडई_ताजी (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. विषय आमच्या घरात महिनाभर धुमसतोय, म्हणून शेवटी इथे टाकतेय.

आम्ही सहा वर्षं कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या सॅन होजेत आहोत. दोन बेडरूमच्या अपार्टमेंटचं भाडं ३,४५० डॉलर. दरवर्षी लीजच्या नूतनीकरणाचं पत्र आलं की पोटात गोळा येतो. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, मी एच-फोरवर (जोडीदाराचा व्हिसा, काम करायची परवानगी आहे), मुलगी चार वर्षांची. इथे साध्यासुध्या घरालाही दहा-पंधरा लाख डॉलर मोजावे लागतात, ते या जन्मी तरी जमणारं नाही.

गेल्या रविवारी एक मोबाईल होम पाहून आलो. डबल-वाइड (दोन भाग जोडून केलेलं), तीन बेडरूम, दोन बाथरूम, १,४४० चौरस फूट, १९८८ चं बांधकाम. किंमत २ लाख ६० हजार डॉलर. जमीन पार्कच्या (म्हणजे अशा घरांच्या वसाहतीच्या) मालकाची, तिचं 'स्पेस रेंट' महिना १,४००. घर आतून इतकं छान होतं की मी मनातल्या मनात देवघराची जागासुद्धा ठरवून टाकली. एजंट म्हणते, "भाड्याच्या पैशात स्वतःचं घर."

आईला व्हिडिओवर दाखवलं. ती साताऱ्याहून म्हणाली, "पत्र्याच्या घरात राहणार का गं तुम्ही?" पत्र्याचं नाहीये, पण हे तिला कसं सांगू?

कुणी राहिलंय का? खरंच पैसे वाचतात का?

पोहे_विदाऊट_शेंगदाणे
मोबाईल होम म्हणजे ती चाकांवरची गाडी ना? मग बे एरियाचा कंटाळा आला की चालवत टेक्ससला जाता येईल :)

जुना_सनीव्हेलकर
@पोहे, ती आरव्ही. हे कारखान्यात बांधतात, ट्रकने ओढून आणतात आणि एकदा खांबांवर बसवलं की सहसा जागचं हलत नाही. उचलून न्यायचं म्हटलं तर हजारो डॉलर लागतात, आणि जुनं घर घ्यायला दुसरा पार्क तयार नसतो. नावात 'मोबाईल' आहे, एवढंच.

कुरडई, मी नऊ वर्षं राहिलोय. रात्री सविस्तर लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

हिशोबनीस
ताई, तुम्ही आकडे दिलेत म्हणून लगेच कागद घेऊन बसलो.

जमीन तुमची नाही, त्यामुळे नेहमीचं गृहकर्ज मिळणार नाही. मिळतं ते 'चॅटल लोन', म्हणजे गाडी घ्यायला काढतो त्याच जातीचं. व्याज जास्त, मुदत कमी. २० टक्के डाउन पेमेंट म्हणजे ५२ हजार. उरलेले २ लाख ८ हजार ९ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी धरले तर हप्ता येतो १,८७१. त्यात स्पेस रेंट १,४००, प्रॉपर्टी टॅक्स अंदाजे २६०, विमा ११० धरू. बेरीज ३,६४१.

तुमचं आजचं भाडं ३,४५०.

म्हणजे पहिल्याच महिन्यापासून १९१ डॉलर जास्त, आणि ५२ हजार अडकले ते वेगळेच. पहिल्या हप्त्यातल्या १,८७१ पैकी १,५६० नुसतं व्याज आहे. दहा वर्षं हप्ते फेडून झाले तरी अंगावर जवळपास १ लाख ४८ हजार बाकी असतील. एजंटबाईंनी हप्ता सांगितला असेल, स्पेस रेंटही सांगितलं असेल. दोन्हीची बेरीज मात्र तुमच्यावर सोडली.

कुरडई_ताजी
बापरे. आम्ही हप्त्याची तुलना भाड्याशी करत होतो, स्पेस रेंट "ते काय, सोसायटीच्या मेंटेनन्ससारखं" म्हणून बाजूला ठेवलं होतं.

शून्य_आठ_शून्य
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ट्रेलर पार्कात राहायला अमेरिकेला आलात का? शाळेत पोरीला चिडवतील. त्यापेक्षा सॅक्रामेंटोकडे सरका, तिथे निदान जमिनीसकट घर मिळेल.

मिरगाचा_पाऊस
@शून्य_आठ_शून्य, राग आलाच. माझ्या मुलाचा सगळ्यात जवळचा मित्र अशाच पार्कात राहतो. वडील प्लंबर, आई नर्स. अंगणात लिंबाचं झाड आहे, पोरं रस्त्यावर सायकली फिरवतात, कारण आत गाड्यांना हळूच जावं लागतं. आमच्या अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर पोरगं टीव्हीला चिकटलेलं असतं. चिडवण्याचं म्हणाल तर पोरं डब्यातल्या भाजीवरूनही चिडवतात, म्हणून भाजी द्यायची बंद करतो का?

गिरगावकर
मला तर हा धागा वाचताना आमची चाळ आठवली. गिरगावात आमची पागडीची खोली होती. पैसे मोजून घेतलेली, पण मालक वेगळाच. खोली विकायची तर त्याची संमती हवी, वर विक्रीच्या रकमेतला वाटा हवा. घर आपलं म्हणायचं आणि पावती भाडेकरू म्हणून फाडायची. तुमचं मोबाईल होम तेच आहे की!

फक्त एक फरक, आणि तो तुमच्या विरुद्ध जाणारा. पागडीचं भाडं इतकं क्षुल्लक असायचं की मालक रडायचा. इथे दर वर्षी वाढणारं भाडं आणि रडणारे तुम्ही.

वाशी_ते_वॉलनट_क्रीक
काका, जमीन आपली नसणं एवढं भयंकर नसतं हो. नवी मुंबईत सिडकोची जमीन साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावरच मिळायची, तरी लोकांनी घरं घेतली आणि पैसेही केले. प्रश्न जमिनीच्या मालकीचा नाही, तिचं भाडं कोण आणि किती वाढवू शकतं हा आहे.

कुरडई, एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. सॅन होजेत जुन्या पार्कांना शहराचा भाडेनियंत्रण नियम लागू आहे: वर्षाची वाढ महागाई निर्देशांकाच्या ७५ टक्के, पण किमान ३ आणि कमाल ७ टक्के. जवळच्या माउंटन व्ह्यूनेही २०२१ मध्ये मोबाईल होमसाठी भाडेनियंत्रण आणलं. नियम शहरागणिक बदलतात. तेव्हा पार्क नेमका कुठल्या शहराच्या हद्दीत येतो ते आधी बघा. रस्ता ओलांडला की गाव बदलतं इथे.

हिशोबनीस
हे ३ आणि ७ म्हणजे काय ते पण बघून घ्या. आजचे १,४०० दर वर्षी ३ टक्क्यांनी वाढले तर दहा वर्षांनी १,८८१. दर वर्षी ७ टक्क्यांनी वाढले तर २,७५४. नियंत्रण असूनही. नियंत्रण नसलेल्या पार्कात तर मालकाच्या मर्जीवर. मागे मोठमोठ्या गुंतवणूक कंपन्यांनी असे पार्क विकत घेण्याचा सपाटा का लावला, ते यातूनच कळतं: घर हलवता येत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक कुठे जात नाही.

जुना_सनीव्हेलकर
आलो. लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

आम्ही २०११ मध्ये रोख ७२ हजारांना डबल-वाइड घेतलं. तेव्हा स्पेस रेंट ८५० होतं, २०२० ला निघालो तेव्हा १,२९०. घर साधारण दीडपटीने विकलं गेलं, पण ते आमचं कर्तृत्व नाही, बे एरियाची हवा. तेवढ्यावर भरवसा ठेवून घेऊ नका. आमचे पैसे वाचले ते कर्ज नव्हतं म्हणून.

आता बघायच्या गोष्टी. सगळ्यात आधी वर्ष. १५ जून १९७६ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवसापासून या घरांना केंद्राच्या 'हड' या गृहनिर्माण खात्याचे बांधकामाचे नियम लागू झाले. त्याआधीचं ते खरं 'मोबाईल होम', नंतरचं कागदोपत्री 'मॅन्युफॅक्चर्ड होम'. आधीच्या घराला कर्ज आणि विमा मिळवताना नाकी नऊ येतात. बाहेरच्या भिंतीवर प्रत्येक भागाला एक लाल धातूची पट्टी ठोकलेली असते, डबल-वाइडला दोन. आत एक कागद चिकटवलेला असतो, स्वयंपाकघरातल्या कपाटात, बेडरूमच्या कपाटात किंवा विजेच्या पॅनेलजवळ. त्यावर घर कुठल्या वाऱ्याच्या आणि छतावरच्या भाराच्या हिशोबाने बांधलंय ते असतं. तुमचं १९८८ चं आहे म्हणजे इथे पास.

पण १९८८ म्हणजे दुसरी भानगड. १९७८ ते १९९५ च्या दरम्यानच्या बऱ्याच घरांत पॉलीब्युटिलीनचे करडे पाइप आहेत. ते आतून ठिसूळ होतात आणि एक दिवस अचानक फुटतात. सिंकखाली वाकून बघा. घरातली जमीन बहुतेक वेळा भुशाच्या दाबलेल्या फळ्यांची असते, पाणी लागलं की फुगते. बाथरूमच्या दारात आणि वॉशिंग मशीनजवळ टाच आपटून बघा. मऊ लागलं तर समजा. मी गेलो तेव्हा एजंट बोलत होता आणि मी घरभर लेझीम खेळल्यासारखा पाय आपटत होतो.

घराखाली माणूस पाठवा. स्वतः जाऊ नका, मी गेलो होतो, खाली रॅकून होतं. भूकंपासाठी खालच्या खांबांना आधार बसवलाय का हे तिथेच कळतं. १९९४ च्या नॉर्थरिजच्या भूकंपात अशी घरं खांबांवरून घसरली, गॅसच्या नळ्या तुटल्या आणि आगी लागल्या. २०१४ ला नापालाही एका पार्कात घरं जळाली.

कागदपत्रं: नोंदणी राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे, म्हणजे एचसीडीकडे असते. तिथे घरावर जुनं कर्ज किंवा थकबाकी आहे का तपासा. १ जुलै १९८० च्या आधी नवीन विकलेल्या घरांना प्रॉपर्टी टॅक्सऐवजी गाडीसारखी वार्षिक फी असू शकते, नंतरच्यांना टॅक्स. आणि पाणी, गॅस, कचरा यांचं बिल पार्क वेगळं लावतं, ते १,४०० मध्ये धरलेलं नसतं बहुधा.

विकणाऱ्याला जे स्पेस रेंट आहे तेच तुम्हाला मिळेल असं गृहीत धरू नका. पार्कच्या ऑफिसातून नवीन खरेदीदाराचा आकडा लेखी मागा. हे एक वाक्य नऊ वर्षांच्या अनुभवाचं आहे.

मिरगाचा_पाऊस
लेझीम =)) =))

कुरडई_ताजी
सनीव्हेलकर, किती आभार मानू! प्रिंट काढून फ्रिजला लावलंय. गणपतीला वीस माणसं आली तर जमीन धरेल ना? (खरंच विचारतेय.)

जुना_सनीव्हेलकर
धरते हो. आमच्याकडे आरतीला तीस होते. फक्त झांजा बेताने, शेजाऱ्याची भिंत आठ-दहा फुटांवर असते. त्याला प्रसाद दिला की तोही टाळ्या वाजवतो.

परत_पुण्यात
मी सहसा नुसता वाचतो, पण इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही २०२१ ला घेतलं, साउथ बे मध्येच. २०२३ च्या कपातीत माझी नोकरी गेली. एच-वन-बीवर नोकरी गेली की नवी नोकरी शोधायला नाहीतर देश सोडायला हातात साठ दिवस असतात, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. अपार्टमेंट असतं तर लीज मोडल्याचा दंड भरून मोकळा झालो असतो. साधं घर असतं तर भाड्याने दिलं असतं. इथे पार्कचा नियम: मालकानेच राहायचं, भाड्याने द्यायचं नाही. मग विकायला काढलं. गिऱ्हाईक मिळालं, पार्कने त्याला नाकारलं, उत्पन्न कमी पडतं म्हणे. दुसरं मिळालं, त्याचं कर्ज अडकलं. साठ दिवस संपले. चार महिने मी कोथरूडमध्ये बसून कॅलिफोर्नियातल्या रिकाम्या जागेचं भाडं भरत होतो. घर शेवटी घेतल्या किमतीच्या बरंच खाली विकलं.

पार्कचं नाव घेत नाही, त्यांनी कायद्याबाहेर काही केलं नाही. चूक माझी. घ्यायचं कसं याचा अभ्यास केला, निघायचं कसं याचा केला नाही.

कुरडई_ताजी
वाचून नवऱ्याला दाखवलं. तो दहा मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, "ग्रीन कार्ड आलं असतं तर वेगळं होतं." ते आमच्या रांगेत कधी येईल ते देवालाच माहीत.

वाशी_ते_वॉलनट_क्रीक
@परत_पुण्यात, वाईट वाटलं वाचून. माहितीसाठी: कॅलिफोर्नियात मोबाईल होमच्या रहिवाशांसाठी स्वतंत्र कायदा आहे, दिवाणी संहितेचं कलम ७९८ आणि पुढची. खरेदीदाराचा पूर्ण अर्ज आल्यावर पार्कने कामकाजाच्या पंधरा दिवसांत होकार-नकार कळवायचा असतो. भाडेवाढीची नोटीस नव्वद दिवस आधी द्यावी लागते. पण पंधरा अधिक पंधरा अधिक कर्जाचे दिवस केले की साठ कधीच उलटून जातात, हेही खरं.

ब्रम_मधला_बंड्या
इंग्लंडमधून. इथे यांना 'पार्क होम' म्हणतात आणि बहुतेक ठिकाणी पन्नाशी उलटलेले गोरे आजी-आजोबा राहतात. जागेचं भाडं म्हणजे 'पिच फी'. ती २०२३ पासून सीपीआय या महागाई निर्देशांकाला बांधलीय, आधी आरपीआय या दुसऱ्या निर्देशांकाला होती, तो जास्त वाढायचा. खरी गंमत विकताना: किमतीच्या १० टक्क्यांपर्यंत कमिशन जागेच्या मालकाला द्यावं लागतं. गिरगावकर काका, तुमची पागडी इथे सुखाने नांदतेय!

आणि इथे कुणी विचार करत असाल तर सुट्टीच्या साइटवरचा स्टॅटिक कॅरॅव्हॅन (एकाच जागी ठेवलेलं चाकांवरचं घर) स्वस्त मिळाला म्हणून राहायला जाऊ नका. तिथे कायम वास्तव्याचा परवाना नसतो, वर्षातले काही आठवडे बाहेर काढतात.

टल्साची_टपरी
ओक्लाहोमातून एक उलट बाजू. आमच्या ऑफिसमधल्या एका मराठी जोडप्याने गावाबाहेर दोन एकर जमीन घेतली आणि त्यावर नवं मॅन्युफॅक्चर्ड होम बसवलं. पक्का पाया घातला, घर जमिनीसोबत नोंदवलं, मग साधं गृहकर्ज मिळालं. स्पेस रेंटची कटकट नाही. हे गणित जमतं.

फक्त टोर्नेडोची शिट्टी वाजली की घरात थांबायचं नाही. कितीही बांधून ठेवलेलं असलं तरी थांबायचं नाही. त्यांनी जमिनीत लोखंडी शेल्टर बसवलंय, घराच्या फर्निचरआधी.

नाशिकचा_नाना
आमच्याकडे द्राक्षाच्या बागेत कंटेनरचं घर ठेवलंय. मे महिन्यात आत भाकरी भाजून निघते. तरी आमची जमीन आमची आहे बाबांनो :)

शून्य_आठ_शून्य
@मिरगाचा_पाऊस, माझा सूर चुकला, कबूल. पण पार्क बंद केला तर काय, हे कुणी बोललंच नाही. जमीन सोन्याच्या भावाची असताना मालक किती दिवस झोपडीवजा भाडं घेत बसेल?

मिरगाचा_पाऊस
'झोपडीवजा' पुन्हा. असो. प्रश्न मात्र बरोबर आहे. पालो आल्टोतलं ब्वेना व्हिस्टा आठवा. २०१२ मध्ये मालकांनी पार्क बंद करायचं ठरवलं, सुमारे चारशे माणसांच्या डोक्यावरचं छप्पर जाणार होतं. पाच वर्षं लढले लोक. शेवटी २०१७ मध्ये काउंटीच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने तो पार्क ४ कोटी डॉलरच्या वर मोजून विकत घेतला. वाचला तो अपवाद म्हणायचा. बंद करण्याआधी परिणामांचा अहवाल आणि सुनावणी लागते, म्हणजे रातोरात होत नाही. पण होऊ शकतं. काही राज्यांत रहिवासी सहकारी संस्था काढून पार्कच विकत घेतात. आपल्या हाउसिंग सोसायटीवाल्यांना ते लगेच कळेल.

हिशोबनीस
कुरडईताई, सगळं वाचून एक कसोटी सुचली. घराची विक्रीची किंमत शून्य धरा. शून्य. मग बघा परवडतं का.

समजा १ लाख ३० हजारांचं जुनं पण धड घर रोख घेतलं. स्पेस रेंट १,४००, टॅक्स १३०, विमा ११०, बेरीज १,६४०. आजच्या भाड्यापेक्षा महिना १,८१० वाचले, वर्षाचे २१,७२०. सहा वर्षांत १ लाख ३० हजार वसूल (त्या रकमेवरचं व्याज बुडालं ते सोडून). सातव्या वर्षी घर कुणी फुकट नेलं तरी तुम्ही बरोबरीत. आधी जावं लागलं तर तोटा किती, तेही याच आकड्यांतून काढता येतो. २ लाख ६० हजारांच्या, कर्जाने घेतलेल्या घराला ही कसोटी लावलीत तर हप्ते चालू आहेत तोवर पास होणार नाही.

कुरडई_ताजी
अपडेट देते, तीन आठवडे झाले.

पहिलं घर सोडलं. देवघराची जागा मनातून काढायला दोन दिवस लागले. आमच्याकडे ८० हजार साठलेत, भाऊ ३५ देतो म्हणालाय. त्यात बसणारं एक सापडलं: १९८३ चं, दोन बेडरूम, १ लाख १५ हजार. लाल पट्ट्या दोन्ही जागेवर. लेझीम खेळून आले, एका बाथरूमपाशी मऊ लागतंय. दुरुस्तीचे पैसे किमतीतून कापायला विकणारी आजी तयार आहे.

सनीव्हेलकरांचं ऐकून ऑफिसातून लेखी आकडा मागितला. आजींना १,३१० आहे. आम्हाला १,५२५. मॅनेजर हे सांगताना इतकी गोड हसली की मी जवळजवळ थँक यू म्हणाले.

तरी हिशोबनीसांच्या कसोटीवर घासून बघितलं. टॅक्स-विमा धरून महिना १,७५० च्या आसपास येतं. आम्ही सहा वर्षं नोकरीला धक्का न लागता राहिलो तर जमतं. ती 'तर' मोठी आहे. भावाचे पैसे घ्यावेत की अजून वर्षभर थांबून स्वतःचे साठवावेत, यावर अडलंय. अर्ज भरून ठेवलाय, पार्कच्या उत्तराची वाट बघतोय.

आईला पुन्हा व्हिडिओवर दाखवलं. तिने भिंतीवर टकटक करायला लावली. मग म्हणाली, "बरं आहे. पण अंगणात कढीपत्ता लाव आधी."

परत_पुण्यात
भावाचे घेतलेत तर त्यातली सहा महिन्यांच्या स्पेस रेंटएवढी रक्कम वेगळी ठेवा, घरात घालू नका. आणि भाड्याने देण्याबद्दलचा नियम पार्कच्या नियमावलीत शोधून वाचा, मॅनेजरच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

जुना_सनीव्हेलकर
१,५२५ वर घासाघीस करून बघा. एकदा नाही म्हणतील, जास्तीत जास्त काय होईल.

आणि कढीपत्त्याचं रोप कुणा मैत्रिणीकडून फांदी तोडून आणू नका. लिंबूवर्गीय झाडांवरच्या एका किडीमुळे कॅलिफोर्नियात बऱ्याच भागांत त्याची ने-आण करायला बंदी आहे, नर्सरीतून चिठ्ठी लावलेलंच घ्या.

पोहे_विदाऊट_शेंगदाणे
काय सांगता! मी गेल्या महिन्यात काकूकडून फ्रीमाँटहून दोन रोपं आणली गाडीत घालून.

मिरगाचा_पाऊस
पोहे, कढीपत्त्याचा वेगळा धागा काढा. मला पण विचारायचंय, माझा थंडीत दरवर्षी मरतो.